डाळ मिलच्या २० एचपी रोलचं स्टार-डेल्टा पॅनल : स्टॉपची वायर कुठून न्यायची, ओव्हरलोड किती ठेवायचा?

एरंडोल_इलेक्ट्रिकल

मंडळी, जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या एमरी रोलसाठी (डाळीची साल काढणारा खरखरीत रोल) स्टार-डेल्टा पॅनल भरायला घेतलंय, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटने उठवून मग डेल्टात नेणारं. मोटर २० एचपी म्हणजे १५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, प्लेटवर २७ अँपिअर, १४६० आरपीएम. पॅनल खाली, मोटर वरच्या माळ्यावर, केबल ३५ मीटर. स्टॉप दोन जागी हवाय, एक पॅनलच्या दारावर आणि एक रोलजवळ. रोलच्या पुढच्या बकेट एलिव्हेटरचं पॅनल वेगळं आहे. एलिव्हेटर थांबला की रोलही थांबला पाहिजे.

विचारायचं ते असं. कॉन्टॅक्टरची (मोटर जोडणारा, विजेने ओढला जाणारा स्विच) कॉइल सरळ ४१५ ची घेऊ की कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावून ११० ची? ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) २७ वर ठेवू की १६ वर? दोन्ही आकडे सांगणारे लोक भेटतात. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर थांबवणारा) कुठला? आणि अर्थिंगला मोटरच्या बॉडीला एक पट्टी पुरते का?

गिरणाकाठ

भाऊ, आधी कंट्रोल सर्किटचं बोलू, कारण पॅनल चालणं आणि पॅनल थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालू करून बघतात सगळे. पण वायर तुटली, वायर बॉडीला लागली, तर काय होईल हे कोणी तपासत नाही.

४१५/११० चा २५० व्हीए ट्रान्सफॉर्मर घ्या. २५ अँपिअरच्या आसपासच्या कॉन्टॅक्टरची कॉइल धरून ठेवायला साधारण १० व्हीए लागतात, पण ओढताना ७० च्या आसपास. मेन आणि स्टार जवळजवळ एकत्र ओढले जातात, शिवाय टायमर आणि दिवे. म्हणून १०० व्हीएवर भागवू नका. ट्रान्सफॉर्मर अपुरा असला की ओढायच्या क्षणी सेकंडरी खाली बसते, कॉन्टॅक्टर फडफडतो आणि फडफडला की कॉन्टॅक्ट चिकटतात.

प्रायमरीच्या दोन्ही फेजला फ्यूज. सेकंडरीचं एक टोक पॅनलच्या अर्थ बसबारला पक्कं जोडायचं, त्या टोकाला फ्यूज नाही, स्विच नाही, काहीच नाही. दुसऱ्या टोकाला २ अँपिअरचा फ्यूज.

आता खरी गोष्ट. कॉइलच्या दोन टोकांना ए१ आणि ए२ म्हणतात. सगळ्या कॉइलची ए२ टोकं सरळ त्या अर्थ केलेल्या कॉमनवर. स्टॉप, इमर्जन्सी, ओव्हरलोडचा ९५-९६ (ट्रिप झाल्यावर उघडणारा कॉन्टॅक्ट), प्रिव्हेंटरचा कॉन्टॅक्ट, इंटरलॉक, जे काही तोडणारं आहे ते सगळं फ्यूजच्या बाजूला, ए१ च्या आधी.

कारण असं. रोलजवळच्या स्टॉपची वायर पाइपात घासून बॉडीला लागली असं धरा. स्टॉप फ्यूजच्या बाजूला असेल तर कॉमन आधीच अर्थवर आहे, त्यामुळे लगेच शॉर्ट होऊन २ अँपिअरचा फ्यूज उडतो आणि मशीन थांबतं. तोच स्टॉप ए२ आणि कॉमनच्या मध्ये टाकला असेल, तर वायर बॉडीला लागताच ए२ ला अर्थमधून परतीची वाट मिळते. स्टॉप दाबा नाही तर उपटून काढा, कॉइल सुटत नाही. एकच दोष, आणि स्टॉप मेला. पॅनल एरवी मस्त चालतं, म्हणून हे कोणाला कळतही नाही.

सेकंडरी अर्थच केली नाही तर? मग पहिला अर्थ फॉल्ट गुपचूप बसून राहतो, काहीच होत नाही. दुसरा फॉल्ट फ्यूजच्या बाजूला झाला की दोन्ही मिळून मधलं सगळं बायपास. मोटर स्टार्ट न दाबता उठू शकते.

पंप_शहादा

बठं बराबर शे भाऊ, पण आमच्या तापीकाठच्या सगळ्या पंपांच्या स्टार्टरात सरळ ४१५ चीच कॉइल असते आणि ती वर्षानुवर्षं चालते. ट्रान्सफॉर्मरचा खर्च कशाला? फेज ते फेज कॉइल आहे, न्यूट्रलचा प्रश्नच नाही.

गिरणाकाठ

दादा, चालते हे खरंच आहे. प्रश्न थांबण्याचा आहे, म्हणून हिशोब करून बघा. कॉइल आर आणि वाय फेजच्या मध्ये. स्टॉप आर कडे. स्टॉप आणि कॉइलच्या मधली वायर बॉडीला लागली. तुम्ही स्टॉप दाबला, आर तुटला. पण कॉइलच्या एका टोकाला वाय आहे आणि दुसऱ्या टोकाला आता अर्थ आहे. फेज ते अर्थ २४० व्होल्ट, म्हणजे ४१५ च्या ५८ टक्के. कॉन्टॅक्टरच्या मानकात सोडण्याची मर्यादा ७५ ते २० टक्क्यांच्या मध्ये कुठेही चालते. ५८ टक्क्यांवर एखादा सोडेल, एखादा धरून बसेल. कुठला काय करेल हे कंपनीही सांगत नाही.

मिलमध्ये स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि धातूची परतीची वाट असते, तिथे कंट्रोलचा फ्यूज बहुतेक वेळा उडेल. शेतावर अर्थचा रेझिस्टन्स मोठा, फ्यूज उडत नाही. म्हणजे तुमच्या पंपाला हा धोका मिलपेक्षा जास्त आहे.

शिवाय कंट्रोलच्या बटणात ४१५ व्होल्ट खेळवायचे आणि ते बटण रोलजवळ, जिथे ऑपरेटरचे हात घामाने ओले असतात. ११० मध्येही झटका बसतो, पण सेकंडरीचं एक टोक अर्थ केलेलं असताना जमिनीशी ११० च्या वर काही मिळत नाही.

वायरमन_अमळनेर

ओव्हरलोडचं मी सांगतो. २७ आणि १६ दोन्ही बरोबर आहेत. रिले कुठे बसवलाय त्यावर ठरतं.

रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असेल, म्हणजे यू१, व्ही१, डब्ल्यू१ (मोटरच्या तीन वाइंडिंगची पहिली टोकं, दुसरी टोकं यू२, व्ही२, डब्ल्यू२) च्या वायरीत, तर डेल्टात त्यातून वाइंडिंगचा करंट जातो, लाइनचा नाही. २७ गुणिले ०.५८ म्हणजे १५.७. सेटिंग १५.७. रिले इनकमिंगला, तिन्ही कॉन्टॅक्टरच्या आधी असेल तर २७.

खालच्या जागी बसवून २७ वर ठेवला की काय होतं? वाइंडिंगमधून २७ जाईपर्यंत रिले गप्प. म्हणजे लाइनला ४६ पेक्षा जास्त, पावणेदोनपट. मोटर जळेल आणि रिले तसाच शाबूत राहील. स्टार-डेल्टाच्या मोटरी जळण्यामागे ही चूक फार वेळा असते. उलट, इनकमिंगला बसवून १६ वर ठेवला तर मोटर निम्म्या लोडलाच ट्रिप होते, मग माणूस वैतागून स्क्रू फिरवत फिरवत शेवटाला नेतो आणि तिथेच सोडून देतो.

क्लासही बघा. क्लास १० चा रिले ७.२ पट करंटला ४ ते १० सेकंदात उडतो, क्लास २० चा ६ ते २० मध्ये. रोलला १० चालतो. मिलच्या सक्शन फॅनला किंवा जिनिंगच्या मोठ्या ब्लोअरला पंखा जड असतो, स्पीड घ्यायला वेळ लागतो, तिथे २० घ्या. क्लास १० वारंवार उडतो म्हणून सेटिंग वाढवणं हा उपाय नव्हे, त्याने चालतानाचं संरक्षण जातं.

रिलेला रिसेट मॅन्युअलवर ठेवा. ऑटोवर असेल आणि सर्किट कुठे सिलेक्टर स्विचने धरलेलं असेल, तर रिले गार होताच मोटर आपोआप उठते. त्या वेळी कोणीतरी रोलचं झाकण उघडून आत बघत असतो.

एरंडोल_इलेक्ट्रिकल

रिले मेनच्या खालीच आहे. १५.७ ठेवतो. वायर किती स्क्वेअरची (चौरस मिमी) लागेल? आणि मोटरच्या सहा टोकांत गोंधळ व्हायचा तो कसा टाळावा?

वायरमन_अमळनेर

सहा कोअरमधून प्रत्येकी १६ अँपिअर. ४ स्क्वेअर कॉपरच्या दोन तीन-कोअर केबल पुरतात, पण त्या शेजारी शेजारी आणि माळ्याच्या पत्र्याखालून जात असतील तर ६ घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ५० अंश सहज होतात. पीव्हीसी केबलचे तक्ते ४० अंश हवेवर काढलेले असतात आणि कंडक्टरची मर्यादा ७० अंश. ५० अंशाला क्षमता ८२ टक्क्यांच्या आसपास उरते, शेजारच्या केबलचं वेगळं वजा करायचं.

टोकांचं. डेल्टात यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२ भेटलं पाहिजे. मोटरच्या बॉक्समध्ये वरची ओळ डब्ल्यू२, यू२, व्ही२ आणि खालची यू१, व्ही१, डब्ल्यू१ असते, ती याचसाठी. बॉक्समधल्या पितळी पट्ट्या आधी काढा. त्या राहिल्या तर स्टार कॉन्टॅक्टर ओढताच तिन्ही फेज शॉर्ट.

सप्लाय न देता तपासायचं असं. इनकमर (पॅनलचा मेन स्विच) बंद करून कुलूप, कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचे प्रायमरी फ्यूज काढलेले, मोटरच्या वायरी जोडलेल्या. मेन आणि डेल्टा हे दोन्ही कॉन्टॅक्टर हाताने दाबून धरा आणि मेन कॉन्टॅक्टरच्या खालच्या तीन टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. तिन्ही जोड्यांत सारखाच, अगदी कमी ओहम दिसला पाहिजे. तिन्ही जोड्या उघड्या दिसल्या तर यू१ आणि यू२ एकाच फेजवर गेलेत, बाकीचेही तसेच. अशी मोटर स्टारमध्ये स्पीड घेते आणि डेल्टात जाताच मंदावत थांबते, कारण वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना तोच फेज. एक जोडी कमी आणि उरलेल्या दोन उघड्या दिसल्या तर दोन वायरी आपसांत बदलल्यात. ती मोटर डेल्टात जाताच घरघरते आणि भरमसाट करंट खेचते. मग डेल्टा सोडून स्टार कॉन्टॅक्टर दाबूनही तेच तीन आकडे घ्या, ते डेल्टाच्या तिप्पट यायला हवेत.

फिरण्याची दिशा उलटी निघाली तर मोटरच्या सहा वायरींना हात लावू नका. इनकमिंगचे दोन फेज बदला, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र बदलतात.

पॅनलवाला_धुळे

इंटरलॉकचं राहिलं. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी ओढले गेले तर तो फेज ते फेज सरळ शॉर्ट आहे, मधे मोटरही नाही. म्हणून तीन थर हवेत. स्टारच्या कॉइलमध्ये डेल्टाचा एनसी (एरवी जुळलेला, ओढल्यावर उघडणारा कॉन्टॅक्ट), डेल्टाच्या कॉइलमध्ये स्टारचा एनसी. दोघांच्या मध्ये मेकॅनिकल इंटरलॉकची चकती. आणि टायमर स्टार-डेल्टाचाच घ्या, साधा ऑन-डिले नको. स्टार-डेल्टाच्या टायमरमध्ये बदलताना ५० मिलिसेकंदांच्या आसपासचा मोकळा वेळ असतो, तेवढ्यात स्टारच्या कॉन्टॅक्टमधली ठिणगी विझते. साध्या टायमरने ती विझायच्या आत डेल्टा येतो.

वेळ किती? घड्याळ बघून ठरवू नका, अँमीटर बघा. डायरेक्ट सुरू केली तर ही मोटर सहापट, म्हणजे १६० च्या पुढे घेईल. स्टारमध्ये लाइनला त्याचा तिसरा हिस्सा, ५४ च्या जवळ. स्पीड येत जातो तसा काटा उतरतो. उतरून स्थिर झाला की तिथून एखादा सेकंद पुढे टायमर ठेवा. रिकाम्या रोलला बहुधा ६ ते १० सेकंद.

रिकामा हा शब्द महत्त्वाचा आहे. स्टारमध्ये टॉर्कही तिसरा हिस्साच मिळतो. रोलमध्ये तूर भरलेली असताना सुरू केली तर मोटर स्टारमध्ये अर्ध्या स्पीडवर अडकते आणि डेल्टात जाताना डायरेक्टसारखाच झटका खाते. स्टार-डेल्टा लावूनही मेन फ्यूज उडतो तो यामुळे. फीड गेट बंद असल्याशिवाय स्टार्ट मिळू नये म्हणून गेटवर लिमिट स्विच बसवून तो स्टार्टच्या बटणाच्या सिरीजमध्ये टाका. होल्डिंगच्या (स्टार्ट सोडल्यावरही कॉइल धरून ठेवणारा कॉन्टॅक्ट) आधी टाका, नंतर नको, नाही तर गेट उघडलं की मोटर बंद पडेल.

सातपुडा_मेंटेनन्स

एलिव्हेटरच्या इंटरलॉकबद्दल. एलिव्हेटरच्या मेन कॉन्टॅक्टरचा एक मोकळा एनओ (एरवी उघडा, ओढल्यावर जुळणारा कॉन्टॅक्ट) घ्या आणि तुमच्या रोलच्या ११० च्या साखळीत सिरीजला टाका. एलिव्हेटर थांबला आणि रोल चालू राहिला तर बूट (एलिव्हेटरचा खालचा भाग) भरून जाम होतो, पट्टा ताणतो, आणि पट्टा घसरून तापला तर भुशाच्या धुळीत आग लागू शकते. शक्य असेल तर एलिव्हेटरच्या खालच्या शाफ्टला स्पीड स्विच लावून तो घ्या. कॉन्टॅक्टर ओढलेला असतानाही पट्टा तुटलेला असू शकतो.

पण यात एक सापळा आहे. रोलचे ११० व्होल्ट आता एलिव्हेटरच्या पॅनलमध्ये जाऊन परत येतात. कोणीतरी एलिव्हेटरचा इनकमर बंद करेल, पॅनल मेलं समजून हात घालेल, आणि तिथे रोलचा सप्लाय जिवंत असेल. म्हणून ती जोडी नारिंगी वायरने करा. मेन स्विच बंद केल्यावरही जिवंत राहणाऱ्या बाहेरच्या सप्लायला यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात नारिंगी रंग आहे. टर्मिनल वेगळे, त्यांवर पारदर्शक झाकण, आणि दारावर मराठीत पाटी : ‘इनकमर बंद असतानाही आत रोल पॅनलचा ११० व्होल्ट आहे’.

एरंडोल_इलेक्ट्रिकल

हे लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही दारांवर पाटी करतो. इमर्जन्सी आणि साधा स्टॉप यांत वायरिंगचा फरक काय?

गिरणाकाठ

दोन्हीचा एनसी कॉन्टॅक्ट, दोन्ही सिरीजला. वायर तुटली की मशीन थांबलं पाहिजे, म्हणून एनसी. काही जण स्टॉपला एनओ लावून रिले ओढवतात, तिथे वायर तुटलेली असली तर ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी कळतं.

इमर्जन्सीचं बटण लाल मशरूम, मागे पिवळी पट्टी, दाबल्यावर अडकून राहणारं. आतला कॉन्टॅक्ट जबरीने उघडणारा असावा, म्हणजे चिकटला असला तरी दाबल्यावर ढकलून तुटेल. त्याच्या अंगावर वर्तुळातल्या बाणाची खूण असते, बघून घ्या. फिरवून सोडल्यावर मशीन आपोआप उठता कामा नये, पुन्हा स्टार्ट दाबावाच लागेल. पुढे कधी पीएलसी (प्रोग्रॅमने चालणारा कंट्रोलर) टाकलीत तरी इमर्जन्सी नुसत्या पीएलसीच्या इनपुटवर सोडू नका, कॉइलची लाइन प्रत्यक्ष तुटली पाहिजे. पीएलसीला दुसरा कॉन्टॅक्ट द्या, नुसतं कळायला.

रोलजवळ नुसता स्टार्ट-स्टॉप दिलात तर मेंटेनन्सला तेवढं पुरत नाही. मोटरजवळ कुलूप लागणारा आयसोलेटर (सप्लाय तोडणारा हाताचा स्विच) हवा आणि त्याचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट कंट्रोलमध्ये. स्टार-डेल्टाला आयसोलेटर सहा पोलचा लागतो हे विसरू नका. तीनच पोल तोडले तर उरलेल्या तीन वायरींतून डेल्टा कॉन्टॅक्टर सप्लाय आणतो आणि बॉक्स जिवंत राहतो.

पंप_शहादा

सिंगल फेज प्रिव्हेंटरबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्याकडे व्होल्टेजवालाच लावतात.

वायरमन_अमळनेर

व्होल्टेजवाला स्वतःच्या पुढचं, म्हणजे सप्लायकडचं बघतो, मागचं, म्हणजे मोटरकडचं नाही. फीडरवरच फेज गेला असेल आणि मोटर बंद असेल, तर तो मोटर उठू देत नाही, इतकं काम चांगलं करतो. फेजचा क्रम उलटला तरी पकडतो. पण त्याच्या नंतर, म्हणजे कॉन्टॅक्टरचा एक पोल जळला, लग (वायरला चेपलेलं धातूचं टोक) सुटली, केबलचा एक कोअर तुटला, तर त्याला तिन्ही फेज ठणठणीत दिसतात. आणि चालती मोटर गेलेल्या फेजवर स्वतः व्होल्टेज तयार करते, त्यामुळे पुढचा फ्यूज गेला तरी कधी कधी तो फसतो.

करंटवाला सीटीतून (करंट ट्रान्सफॉर्मर) तिन्ही वायरींचा करंट बघतो, त्याला यातलं काहीच लपत नाही. २० एचपीला करंटवाला घ्या. फेज क्रमासाठी व्होल्टेजवालाही असू द्या, दोन्हींचे कॉन्टॅक्ट सिरीजला.

असमतोलही हलक्यात घेऊ नका. व्होल्टेजमध्ये साडेतीन टक्के असमतोल असला तर मोटरची तापमानवाढ पाव हिश्शाने वाढते. टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट, असा अंदाज धरतात.

पॅनलवाला_धुळे

पंपवाल्या दादांसाठी एक जोड. शेतावरच्या स्टार्टरला ‘ऑटो’ लावतात, लाइन आली की मोटर आपोआप उठते. शेतावर रात्रीच्या लाइनला ती सोय समजू शकतो. पण त्या पंपाच्या कपलिंगवर जाळी हवी आणि पाटी हवी. कारखान्यात मात्र ऑटो नकोच. लाइन गेली की होल्डिंगचा १३-१४ सुटला पाहिजे आणि लाइन आल्यावर माणसानेच स्टार्ट दाबला पाहिजे. लाइन गेल्यावर जाम काढायला रोलमध्ये हात घालणं ही रोजची गोष्ट आहे.

अर्थिंग. १९५६ च्या जुन्या वीज नियमांपासून ते केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांपर्यंत एक गोष्ट तशीच आहे : स्थिर मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळे अर्थ. एक पट्टी पुरत नाही. दोन पट्ट्या एकाच बोल्टवर घेतल्या तर ती एकच झाली. मोटरच्या दोन पायांना दोन बोल्ट, पेंट खरवडून, दात असलेला वॉशर घालून. पॅनलच्या दाराला लवचिक तांब्याची वेणी. बिजागरी म्हणजे अर्थ नव्हे, दारावर बटणं आणि मीटर आहेत.

खड्ड्याचं खानदेशात वेगळं बघावं लागतं. काळी माती पावसाळ्यात चिकट ओली असते तेव्हा रीडिंग सुंदर येतं. तीच उन्हाळ्यात वाळून भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते. रीडिंग मे महिन्यात घ्या आणि तेच खरं धरा. सप्टेंबरचं धरू नका.

आणि हा हिशोब शेतासाठी. खड्डा आणि ट्रान्सफॉर्मरचा अर्थ मिळून १० ओहम असला तर फेज बॉडीला लागल्यावर २४० भागिले १०, म्हणजे २४ अँपिअर. ५० चा फ्यूज यावर जन्मात उडणार नाही आणि बॉडी जिवंत राहील. तिथे आरसीसीबीशिवाय (अर्थमधून गळणारा करंट ओळखून तोडणारा ब्रेकर) पर्याय नाही. मिलमध्ये स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर मोटरच्या बॉडीपासून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल पॉइंटपर्यंत अखंड धातूची वाट असली पाहिजे, फॉल्टचा करंट जमिनीतून नाही, तिच्यातून येतो.

सातपुडा_मेंटेनन्स

कॅपेसिटर लावणार असाल तर स्टार-डेल्टाच्या मोटरच्या टर्मिनलवर लावू नका. स्टारमधून डेल्टात जाताना मधल्या क्षणी भरलेला कॅपेसिटर आणि सप्लाय उलट्या फेजला भेटू शकतात. तो इनकमिंगला, स्वतःच्या कॉन्टॅक्टरवर, डेल्टा आल्यानंतर ओढणारा असा ठेवा. बंद केल्यावर लगेच हात नको, डिस्चार्ज रेझिस्टर काम करतोय हे मीटरने बघूनच.

एरंडोल_इलेक्ट्रिकल

आता लग आणि फेरूलचं (वायरच्या टोकावरची नंबरची नळी) विचारतो. कंट्रोलला १.५ स्क्वेअर मल्टिस्ट्रँड घेतलीय. पिन लग सगळीकडे लावू?

वायरमन_अमळनेर

सगळीकडे. मल्टिस्ट्रँड उघडी स्क्रूखाली दाबली की निम्म्या तारा बाहेर फाकतात, एखादी शेजारच्या टर्मिनलला टेकते. पिन लग क्रिंपिंगच्या पक्कडने दाबा, साध्या पक्कडने चेपलेली लग ओढली की निघते. दाबल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून बघा, ही सवय ठेवा. इन्सुलेशन लगच्या कॉलरच्या आत आणि तांबं नळीत, मध्ये तांबं दिसता कामा नये. एका टर्मिनलखाली दोनच्या वर वायर नको, आणि १.५ सोबत ४ तर मुळीच नको. जाडी दाबली जाते, बारीक सैल राहते.

इनकमिंगला ॲल्युमिनियम केबल असेल तर बायमेटल लग आणि जॉइंट पेस्ट. ॲल्युमिनियम तांब्याच्या टर्मिनलवर सरळ बसवलं की काही महिन्यांत तिथे काळं पडतं, मग टर्मिनल वितळतं. फेज जातो तो इथूनच.

फेरूलचा नंबर दोन्ही टोकांना सारखा आणि टर्मिनलकडून वायरकडे वाचता येईल असा. ६ आणि ९ खाली रेघ असलेले घ्या. उलटा बसलेला ६ म्हणजे ९, आणि ओव्हरलोडच्या वायरींत ही अदलाबदल झाली तर पॅनल चालतं, ट्रिप होत नाही.

गिरणाकाठ

चालू करण्याआधीचा क्रम सांगून ठेवतो. मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) ५०० व्होल्टचा, पण टायमर, प्रिव्हेंटर आणि कंट्रोल ट्रान्सफॉर्मर सोडवूनच. मोटर केबलसकट बॉडीशी १ मेगाओहमच्या खाली असेल तर चालू करू नका. नवी मोटर ५ च्या खाली आली तरी वाळवा, पावसाळ्यात गोडाऊनला पडलेली मोटर हमखास कमी येते.

मग मेन पॉवर न देता फक्त कंट्रोल चालवा : मेन फ्यूज काढलेले, ११० बाहेरून. बाहेरून देताना ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी सोडवलेली असलीच पाहिजे, नाही तर उलट्या बाजूने प्रायमरीवर ४१५ तयार होतात. स्टार्ट दाबा, स्टार ओढेल, मेन ओढेल, वेळेने डेल्टा. आता प्रत्येक तोडणारी गोष्ट एकेक करून तपासा. दारावरचा स्टॉप, रोलचा स्टॉप, इमर्जन्सी, ओव्हरलोडचं लाल टेस्ट बटण, प्रिव्हेंटरच्या कॉन्टॅक्टची वायर, एलिव्हेटरचा कॉन्टॅक्ट. दर वेळी तिन्ही कॉन्टॅक्टर सुटले पाहिजेत. मग रोलच्या स्टॉपची वायर टर्मिनलवरून प्रत्यक्ष काढून बघा, आणि तीच अर्थला टेकवून बघा. फ्यूज उडाला पाहिजे. चार-सहा फ्यूज जातील, जाऊ द्या.

पॅनलमध्ये हात घालण्याआधी टेस्टर आधी जिवंत जागी लावून बघा, मग बंद पॅनलवर फेज-फेज आणि प्रत्येक फेज-अर्थ, मग पुन्हा जिवंत जागी. मध्येच टेस्टर मेला असेल तर तिसऱ्या वेळी कळतं. मिलमध्ये जनरेटर असेल तर चेंजओव्हरही कुलपात. लाइन गेलीय म्हणजे पॅनल मेलंय असं नसतं.

सातपुडा_मेंटेनन्स

ग्लँड प्लेटची (केबल पॅनलमध्ये शिरतात ती पट्टी) न वापरलेली भोकं बंद करा. डाळीची धूळ बसते ते एक, आणि पाल बसबारवर चढते ते दुसरं. पॅनल आयपी ५४ (धूळ आणि पाणी अडवण्याचा दर्जा) असून एक भोक उघडं ठेवलं तर ते आयपी ५४ राहत नाही. उष्णतेसाठी दाराला भोकं पाडू नका, फिल्टरवाला पंखा लावा, आणि फिल्टर हंगामात दर आठवड्याला झटका. एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा ब्रेकर) ३० अंशावर कॅलिब्रेट केलेली असते, पॅनलमध्ये ५५ झाले की ती आधीच उडते, तेव्हा मोठी एमसीबी टाकण्याआधी आतलं तापमान मोजा.

एरंडोल_इलेक्ट्रिकल

ड्रॉइंगमध्ये बदल केलेत. स्टॉप, इमर्जन्सी, ९५-९६, प्रिव्हेंटर आणि एलिव्हेटर सगळं फ्यूजच्या बाजूला घेतलं, ए२ एकत्र कॉमनवर. रोलजवळ सहा पोलचा आयसोलेटर मागवलाय. त्याचा ऑक्झिलरी पोलच्या आधी सुटणारा घ्यावा ना?

गिरणाकाठ

हो, आधी सुटणारा. म्हणजे हँडल फिरवताना कॉन्टॅक्टर आधी सोडतात आणि आयसोलेटर लोडवर तुटत नाही. जोडताना तो शेवटी जुळला पाहिजे. आल्यावर हँडल हळू फिरवून मीटरच्या बीपवर दोन्ही क्रम बघून घ्या, मगच बसवा.